आधी खोदा, मग रस्ता

वादळ वळलं असं टीव्हीवर सांगत होते, तेव्हा आमच्या संडासातून पाणी वर येत होतं.

सकाळची वेळ होती. अरबी समुद्रातलं चक्रीवादळ आमच्या किनाऱ्याला लागणार म्हणून आदल्या दिवसापासून बातम्या चालू होत्या. मग ते वळलं, दुसरीकडे निघून गेलं आणि बातम्या देणारी मुलगी हसून म्हणाली की सुरत वाचलं. मी चहा टाकत होते. मोरीतून गुडगुड आवाज यायला लागला. वाटलं, गच्चीवरचं पाणी पाइपातून जात असेल. बघायला गेले तर मोरीची जाळी पाण्याखाली, आणि संडासाच्या भांड्यातून काळं पाणी कडेवरून सांडतंय. दारातून पाणी येईल म्हणून आम्ही उंबऱ्यावर रेतीची पोती रचून ठेवली होती. ते मागून आलं.

सुरतेतल्या डिंडोलीत आमचं घर आहे. एकमेकांना पाठ लावून बांधलेली लहान घरं, मधून गल्ली. बहुतेक लोक आमच्यासारखे खानदेशातले, काही मराठवाड्याचे, थोडे ओडिया आणि यूपीचे. माझे सासरे, त्यांना आम्ही आबा म्हणतो, शिरपूरकडून तरुणपणी इथे आले आणि उभं आयुष्य त्यांनी लूम चालवले. त्या खटखटाटात त्यांचे कान गेले. हे घर त्यांनी सुट्टीच्या दिवशी स्वतः विटा वाहून बांधलं. नवरा कडोदऱ्याच्या एका मिलमध्ये कामाला आहे. मी घरी साड्यांना लेस लावते, टिकल्या चिकटवते. गल्लीतल्या चार-पाच बायका माझ्याकडे बसून हेच काम करतात. मुलगी कॉलेजात जाते. एवढं आमचं घर.

पाणी दिसल्यावर मी पहिलं काय केलं तर साड्या वर टाकल्या. मुलगी शिडीवर उभी राहिली, मी खालून गठ्ठे देत गेले आणि ती माळ्यावर ढकलत गेली. व्यापाऱ्याचा माल होता, एकही साडी भिजून चालणार नव्हतं. शेवटचा गठ्ठा वर गेला तेव्हा पाणी आमच्या घोट्यांच्या वर आलं होतं आणि गव्हाची कोठी, बाजरीचा डबा, मुलीची पुस्तकं, सगळं खालीच राहिलं होतं. तोवर गल्लीतलं पाणीही पोत्यांवरून आत यायला लागलं.

तापीला पूर आला की अख्ख्या शहराला कळतं. खाडीचा पूर फक्त खाडीकाठच्यांना कळतो. आमची खाडी दोन-तीन गल्ल्या सोडून मागून वाहते. एरवी तिच्याकडे कोणी बघतही नाही, नाकाला रुमाल लावून पुलावरून जातात. वादळ गेलं, पण त्याच्या मागे लागून आलेला पाऊस वरच्या गावांवर रात्रभर कोसळला होता. ते सगळं पाणी खाडीत उतरलं, आणि नेमकी तेव्हाच समुद्राला भरती. भरती असली की खाडीचं तोंड बंद होतं. पाणी पुढे जात नाही, मागे फिरतं आणि मिळेल त्या गटारातून वर येतं. मग ते मोरी बघत नाही की देवघर.

नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, हायवे बंद आहे, मिलच्या गेटवर माणसं अडकून पडलीत, तू आबांना घेऊन कुठेतरी वर जा. पुढचं बोलणं तुटलं.

आबा खाटेवर पाय वर घेऊन बसले होते. आम्ही घरात अहिराणी बोलतो. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "आबा, ऊठा. पानी वाढी राह्यनं."

"मी आठेच बठसू," आबा म्हणाले. मी इथेच बसणार.

"खाट बुडी जाई."

"बुडू दे. हाई घर मन्हं शे." हे घर माझं आहे.

मी हात धरला, त्यांनी सोडवून घेतला. मुलीने समजावलं, तिच्याकडे बघून त्यांनी नुसती मान हलवली. तेवढ्यात समोरच्या घरातली ताई आमच्या दारात उभी राहिली. लुगड्याचा काचा मारलेला, मांड्यांपर्यंत पाणी.

ही ताई जालन्याची. तिचा नवरा सेंटरिंगच्या कामावर असतो, तिला दोन लहान मुलं आहेत. आमचं बोलणं कित्येक महिने बंद होतं, ते का ते पुढे सांगते. ती दारातून म्हणाली, "वहिनी, काय करायलाव? म्हाताऱ्याला उचला की."

"ऐकत नाहीत," मी म्हटलं.

"त्यांना ऐकूच येत नाही, मग विचारता कशाला?"

ती आत आली आणि तिने आबांची एक बाजू धरली. मी दुसरी धरली. दोन बायकांनी दोन्हीकडून उचलल्यावर आबा उभे राहिले, पण दारापर्यंत आल्यावर अडून बसले. कुलूप हवं म्हणाले. पाणी उंबऱ्याच्या कितीतरी वर होतं, दार लागत नव्हतं, तरी त्यांनी ते दोन्ही हातांनी ओढून घेतलं, कोयंडा बसवला, कुलूप घातलं आणि किल्ली बंडीच्या खिशात टाकली. मग आमच्या खांद्यांना धरून गल्ली ओलांडली. मुलगी मागून माझं शिलाई मशीनचं डोकं छातीशी धरून आली.

ताईच्या वरच्या खोलीत आम्ही राहिलो. खिडकीतून आमचं घर दिसायचं. आधी दाराची खालची फळी दिसेनाशी झाली, मग खिडकीची खालची चौकट. दिवे नव्हते. मोठ्या रस्त्यावरून होडी जात असल्याचं लाउडस्पीकरवरून कळत होतं, पण ती गल्लीत शिरली नाही. तिथून कोणीतरी गुजरातीत सांगत होतं की गभरावानी जरूर नथी. आबांनी विचारलं, काय म्हणतोय. मुलीने त्यांच्या कानात सांगितलं, घाबरू नका म्हणतोय. आबा म्हणाले, "त्याले सांग, तू आठे ये."

त्या खोलीत, चुलीवर ठेवलेल्या पातेल्यापुढे बसून, ताईचं आणि माझं बोलणं परत सुरू झालं.

बोलणं बंद झालं होतं ते रस्त्यावरून. मी लग्न होऊन आले तेव्हा आमच्या घरात पायऱ्या चढून जावं लागायचं. गल्ली मातीची होती. मग डांबर आलं, सगळ्यांना आनंद झाला. काही वर्षांनी डांबर उखडलं, त्याच्यावरच नवीन डांबर टाकलं. मग गटाराचं काम झालं, त्याची माती पसरून वर काँक्रीट केलं. प्रत्येक वेळी नारळ फुटला, पेढे वाटले. आणि प्रत्येक वेळी आमची एक पायरी रस्त्यात गेली. शेवटी अशी वेळ आली की आम्ही रस्त्यावरून घरात उतरायला लागलो. जरा जोराचा पाऊस झाला की गल्लीचं पाणी सरळ आमच्या खोलीत. ज्यांना जमलं त्यांनी घर पाडून भरणी करून उंच केलं. ताईने केलं. तिचा ओटा असा चढला की त्याच्यावर पडलेलं पाणीही आमच्या दारात यायला लागलं. मी तिला त्यावरून बोलले, ती मला बोलली, आणि मग आम्ही एकमेकींकडे बघणं सोडलं.

"माझं घर चढलं तसं तुमचं बुडालं, हे दिसत होतं मला," ताई म्हणाली. "पण माझी लेकरं झोपायची तिथं पाणी यायचं. मी काय करावं?"

मी म्हटलं, "मला जमलं असतं तर मीही चढवलंच असतं."

ती हसली. "मग आपण भांडलो कशाला?"

पातेल्यात खिचडी होती, ती दोघींनी वाढली.

पाणी उतरलं त्या दिवशी नवरा हायवेवरून चालत घरी आला. आबांनी कुलूप काढलं, पण दार फुगलं होतं, खांद्याने ढकलावं लागलं. आत फ्रीज आडवा पडला होता. गाद्या, उशा, कपडे, सगळ्यावर काळपट गाळाचा थर आणि असा वास की डोळ्यांतून पाणी यावं. गहू फुगून कोठीचं झाकण वर आलं होतं. मुलीची पुस्तकं एकाला एक चिकटून वीट झाली होती. ती वीट हातात घेऊन ती मोरीपाशी बसली.

माझा फोन सुरू झाला तसा पहिला फोन व्यापाऱ्याच्या माणसाचा आला. "बेन, माल कोरो छे ने?"

मी हिंदीत म्हटलं, "माल सूखा है. हम गीले हैं."

तो हसला, त्याला गंमत वाटली. मी फोन ठेवून दिला. त्या दिवशी मला पहिल्यांदा राग आला, खराखुरा. तोवर नुसती घाई होती.

पुढचे आठवडे गाळ काढण्यात आणि आजारपणात गेले. माझ्याकडे काम करणारी एक बाई तापाने सरकारी दवाखान्यात पडली. गाळातून अनवाणी फिरल्याने, उंदरांच्या मुतातून येतो तो ताप. ती वाचली, पण अजून तिला दम लागतो. खाडीकडच्या लूमच्या खात्यांत, म्हणजे कारखान्यांत, मोटारी जळाल्या होत्या. काम बंद म्हणून भाड्याने राहणारी कितीतरी घरं गावी गेली. त्यातली काही परत आलीच नाहीत. आमच्या नातेवाइकांनी फोन करून सांगितलं, तिकडे कशाला राहता, विका आणि निघा. असा सल्ला देणाऱ्यांना मी विचारायचे, कोणाला विकू? जो घेईल त्याच्याही घरात संडासातून पाणी येईल, मग ते कसं चालेल? त्यावर ते म्हणायचे, तुझं आपलं भलतंच.

मग एके दिवशी महापालिकेचे साहेब आले. बरोबर निवडून आलेले एक गृहस्थ आणि फोटो काढणारा. गल्लीत पाय ठेवायला कोरडी जागा शोधत ते ताईच्या ओट्यावर उभे राहिले. साहेबांनी आजूबाजूला बघितलं आणि म्हणाले, "आ नीचाणवाळो विस्तार छे, बेन." सखल भाग आहे, बाई. सखल भागात पाणी भरणारच.

माझी गुजराती मोडकी आहे. कामापुरती येते, भांडण्यापुरती येत नाही. मुलीची जन्मल्यापासूनची. ती पुढे होऊन म्हणाली, "नीचाण कोणे कर्युं, साहेब?" सखल कोणी केला?

तिने आमच्या दाराकडे बोट दाखवलं आणि प्रत्येक रस्त्याबरोबर आमचं दार कसं खाली गेलं ते सांगितलं. साहेबांनी फोनमध्ये बघितलं. निवडून आलेले गृहस्थ मध्ये पडले आणि मोठ्याने म्हणाले की या गल्लीला नवाकोरा आरसीसीचा रस्ता मिळेल, दिवाळीच्या आधी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या. घरात आल्यावर माझ्या लक्षात आलं की आपण कशाला टाळ्या वाजवल्या. नवाकोरा रस्ता म्हणजे अजून एक थर.

त्याच आठवड्यात मुलगी मला स्कूटरवर बसवून खाडीच्या पुलावर घेऊन गेली. मी नवी नवरी होते तेव्हा या खाडीच्या काठावर म्हशी बसायच्या, इतकी ऐसपैस होती ती. आता एका बाजूला हिरवी जाळी लावली होती. जाळीच्या फटीतून बघितलं तर आत ट्रकच्या ट्रक राडारोडा ओतलेला, पाडलेल्या घरांच्या भिंती, लाद्या, माती, आणि त्याच्यावरून रोलर फिरवून सपाट केलेलं मैदान. त्या मैदानाने खाडी अर्धी खाल्ली होती. उरलेल्या अर्ध्या खाडीत, पुलाच्या खांबांना, कापडाच्या चिंध्या झुलत होत्या, लाल, हिरव्या, जरीच्या. वॉचमन म्हणाला, "प्राइवेट छे, फोटो ना पाडो." मुलीने फोटो काढून झाल्यावर मोबाइल खिशात ठेवला आणि त्याला म्हणाली, बरं.

"मम्मी, हे आपण थांबवू शकत नाही," परत येताना ती म्हणाली.

"आज नाही," मी म्हटलं. "आपल्या दारातलं तर थांबवू."

मी गल्लीत घरोघरी फिरले. सांगितलं की रस्ता होऊ द्यायचा, पण आधीचे थर खोदून काढल्याशिवाय नाही. रस्ता खाली गेला पाहिजे, वर नाही. काहींना पटलं. काहींनी हो हो म्हणून दार लावलं. गल्लीच्या टोकाला एक गृहस्थ राहतात, धुळ्याकडचे, त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. ते म्हणाले, "रस्ता येतोय तर येऊ द्या. तुम्ही कोण ठरवणार?"

"मी नाही ठरवत," मी म्हटलं. "ज्यांच्या घरात पाणी आलं त्यांनी ठरवायचं. तुमच्याही घरात आलं होतं, काका."

"आलं होतं, गेलं," ते म्हणाले. "माझे पाहुणे चिखलातून येतील, त्याचं काय?"

त्यांचंही खोटं नव्हतं. पण मी मागे हटणार नव्हते.

ठेकेदाराची माणसं आली तेव्हा आम्हाला कोणी सांगितलं नाही. सकाळी बघते तर गल्लीच्या दोन्ही कडांना लोखंडी पट्ट्या लावलेल्या आणि जुन्या रस्त्यावर प्लास्टिक अंथरायला सुरुवात. खोदकाम काही नाही. दुपारी काँक्रीटचा मोठा ट्रक आला, पाठीवरचा पिंप गरगर फिरवत. मी आणि मुलगी जाऊन सुपरवायझरला म्हटलं, आधी खोदा. तो म्हणाला, "बेन, काम करवा दो ने. खोदवानुं मारा काममां नथी." खोदणं त्याच्या कामात धरलेलंच नव्हतं.

आबा दारात खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी मला हाक मारली, "काय व्हयनं?"

मी कानाशी जाऊन ओरडले, "रस्ता अजून वर चढाई राह्यनात."

आबांनी ते ऐकलं. मग उठले, आपली प्लास्टिकची खुर्ची उचलली, ती घेऊन हळूहळू ट्रकच्या पुढे गेले आणि प्लास्टिकवर, बरोबर गल्लीच्या मधोमध, ती ठेवून बसले. कोणी त्यांना सांगितलं नव्हतं. मलाही असं काही करायचं सुचलं नव्हतं.

सुपरवायझर त्यांच्याकडे धावला. बराच वेळ हातवारे करून बोलत राहिला. आबा त्याच्या तोंडाकडे लक्ष देऊन बघत होते. तो थांबला तेव्हा म्हणाले, "मोठ्यानं बोला, मले ऐकू येत नही." त्याने सगळं परत मोठ्याने सांगितलं. आबा म्हणाले, "अजून मोठ्यानं." गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मग मी घरातली चटई आणली आणि आबांच्या शेजारी अंथरून बसले. मुलगी बसली. माझ्याकडे लेस लावणाऱ्या बायका हातातलं काम घेऊनच आल्या आणि बसून टाके घालायला लागल्या. त्या तापाच्या आजारातून उठलेली बाईसुद्धा भिंतीला धरत आली.

ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरला. यूपीचा होता. हात जोडून म्हणाला, "दीदी, माल जम जाएगा. मेरी नौकरी जाएगी."

मी म्हटलं, "भैया, तुमसे झगडा नहीं है. पानी पियोगे?" तो खरंच पाणी प्यायला. आणि मग सुपरवायझरला म्हणाला की मला लवकर काय ते सांगा, नाहीतर मी दुसऱ्या साइटवर खाली करतो.

त्या वेळी समोरच्या ओट्यावर ताई उभी होती. तिच्या घराला काही धोका नव्हता. अजून एक थर आला तरी तिचा उंबरा वरच राहणार होता. सुपरवायझरने हेच हेरलं. तो तिला म्हणाला, तुम्ही समजवा यांना, तुम्हाला तर रस्ता पाहिजे ना. ताई ओट्यावरून उतरली. मला वाटलं, आता ही काय बोलणार. ती येऊन माझ्या चटईवर बसली आणि त्याला म्हणाली, "मी एकदा घर पाडून बांधलं. परत पाडायचं नाही मला. आज ह्यांचं बुडतंय, अजून दोन रस्ते झाले की माझं बुडंल. तुम्ही खोदा."

पोलीस आले. एक हवालदार आणि एक महिला कॉन्स्टेबल. ती मुलीच्याच वयाची. आबांपुढे वाकून म्हणाली, "दादा, ऊठो." आबांनी तिच्याकडे बघितलं आणि आमच्या मुलीला म्हणाले, "इले खुर्ची लई ये." मुलीने खुर्ची आणली. ती बिचारी बसली नाही, पण आबांना उठवायचंही तिने सोडून दिलं. हवालदार ठेकेदाराशी फोनवर बोलत राहिला. शेवटी सुपरवायझर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की मग या गल्लीला रस्ताच मिळणार नाही, काम दुसरीकडे जाईल, नंतर रडत येऊ नका.

धुळ्याकडचे काका टोकाला उभे होते. सगळे माझ्याकडे बघत होते.

मी म्हटलं, "जाऊ द्या. असा रस्ता नको."

ट्रक मागे गेला. पट्ट्या आणि प्लास्टिक दुसऱ्या दिवशी काढून नेलं.

जिंकलो असं त्या दिवशी वाटलं. पण त्यानंतरचे महिने वाईट गेले. शेजारच्या गल्ल्यांना पांढरेस्वच्छ रस्ते झाले आणि आमच्या गल्लीत खड्डे. कोणी घसरून पडलं की माझं नाव घ्यायचे. काकांच्या मुलीचं लग्न त्याच खड्ड्यांत झालं. आम्ही बायकांनी आदल्या दिवशी विटांचा चुरा टाकून वाट केली, वर सतरंज्या अंथरल्या. काकांनी आम्हाला जेवायला बोलावलं, वाढलंही स्वतः, पण माझ्याशी बोलले नाहीत. नवराही एकदा वैतागून म्हणाला, "आता पुरे. सगळी गल्ली तुझ्यावर चिडलीये."

"सगळी नाही," मी म्हटलं. "आणि चिडू दे. तुझ्या बापाने विटा वाहून बांधलेलं घर आहे. ते त्यांच्या डोळ्यांदेखत जमिनीखाली जाऊ देऊ?"

दुसऱ्या दिवशी त्याने सुट्टी टाकली आणि माझ्याबरोबर महापालिकेच्या ऑफिसात आला.

कारण ऑफिसात जाणं आम्ही सोडलं नव्हतं. पाळी लावली होती. कधी मी, कधी ताई, कधी दुसरी कोणी. जायचं, साहेबांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसायचं, ते बाहेर आले की उभं राहून एकच वाक्य म्हणायचं, आधी खोदा, मग रस्ता. लेस लावायचं काम पिशवीतून बरोबर न्यायचं, म्हणजे वेळ फुकट जात नाही. शिपाई आधी हाकलायचा, नंतर चहा विचारायला लागला. शेवटी ते कंटाळले की त्यांना पटलं, हे मला अजून माहीत नाही. पण उन्हाळ्यात एके दिवशी जेसीबी आला.

सगळी गल्ली बघायला उभी होती. जेसीबीच्या दाताने रस्ता फुटला तेव्हा कडेला सगळे थर दिसले. काँक्रीट, माती, काळं डांबर, मुरूम, त्याच्याखाली परत डांबर. नवरा वाकून म्हणाला, हे डांबर पडलं तेव्हा आपलं नुकतंच लग्न झालं होतं. गटार उघडलं तर त्यातून चिंध्यांचा दोरखंड निघाला. ओढत गेले तसा तो येतच राहिला, साडीचे काठ, धाग्यांचे गुंते, लेसचे तुकडे, प्लास्टिकच्या पिशव्या. सगळ्या सुरतेचं कापड आमच्या गटारात अडकलं होतं. माझ्याकडच्या बायका बघत होत्या. एकजण म्हणाली, यातल्या काही आपल्याही असतील. त्या दिवसापासून आमच्या खोलीत कात्रणांसाठी वेगळं पोतं आहे.

रस्ता पूर्वीइतका खाली गेला नाही. खालच्या पाइपांमुळे जाणार नाही म्हणाले. पण आमच्या उंबऱ्याच्या खाली गेला. काकांनी त्यांच्या दारासमोरचं काम स्वतः उभं राहून करून घेतलं, ठेकेदाराच्या माणसांना दम देत होते की अजून खोदा, अजून.

पुढच्या पावसाळ्यात पाणी आलं. हे मुद्दाम सांगते, कारण लोकांना वाटतं की एक रस्ता खोदला आणि गोष्ट संपली. वादळ नव्हतं, साधाच पाऊस होता, पण खाडी भरली. गल्लीत गुडघाभर झालं. आमच्या घरात ओल आली, मोरीला नवऱ्याने झडप बसवली होती तिच्या कडेने थोडं झिरपलं, आणि संध्याकाळपर्यंत गटाराने सगळं ओढून घेतलं. साड्या खालीच होत्या, गहू मात्र या वेळी आधी वर गेला. साहेब पुन्हा आले, वेगळे होते, त्यांनीही सखल भाग आहे म्हणून सांगितलं. मी त्यांना म्हटलं, साहेब, चला, तुम्हाला खाडी दाखवते. ते म्हणाले, पुढच्या वेळी.

आबा मागच्या वर्षी गेले. शेवटपर्यंत याच घरात होते.

आता आमचं लक्ष त्या हिरव्या जाळीकडे आहे. मुलगी नोकरीला लागली, तिचा रस्ता पुलावरूनच जातो. राडारोड्याचा ट्रक तिथे दिसला की ती थांबून फोटो काढते आणि मला पाठवते. मी ऑफिसात फोन लावते. गल्लीतल्या बाकीच्या बायकाही लावतात, काकासुद्धा लावतात, एकामागून एक. तिथला माणूस आता आवाज ओळखतो. काल तो कंटाळून म्हणाला, "बेन, तुम्ही सगळे मिळून किती वेळा फोन करणार?"

मी म्हटलं, "ट्रक किती येणार आहेत, तेवढं सांगा."